विदर्भाची माझी वकिली

यवतमाळ जिल्ह्यातून विधानसभेवर सात आमदार जातात, पण लोकसभेच्या वेळी हा जिल्हा तीन दिशांना फाटतो. वणी आणि आर्णी चंद्रपूरचा खासदार निवडतात, उमरखेड पैनगंगा ओलांडून मराठवाड्यातल्या हिंगोलीला जातं, आणि यवतमाळ, राळेगाव, दिग्रस, पुसद हे चार वाशीमच्या जोडीला बसतात. माणसांचंही तसंच. वणीच्या माणसाचं तोंड चंद्रपूर-नागपूरकडे, आमच्या पांढरकवड्याच्या माणसाचं निम्मं लक्ष आदिलाबादच्या बाजारभावाकडे, आणि उमरखेडच्या माणसाला मोठा दवाखाना म्हटलं की नांदेड आठवतं. अशा जिल्ह्याबद्दल ‘वेगळ्या विदर्भाच्या प्रश्नावर यवतमाळ एकमुखी आहे’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं सभांमध्ये, चहाच्या टपरीवर आणि साप्ताहिकांच्या पत्रव्यवहारात ठोकून देत आलो. नोकरी जिनिंगमध्ये, मुनीम म्हणून. आकड्याशिवाय बोलू नये एवढी अक्कल धंद्याने दिलेली होती. ती मी जिनिंगच्या फाटकात ठेवून बाहेर पडायचो.

मी अजूनही विदर्भवादी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणेल, हा फितला.

माझा विदर्भ पुस्तकातून आला नाही, कापसातून आला. १९७२ साली राज्य सरकारने एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. कापूस विकायचा तो पणन महासंघालाच. खाजगी व्यापाऱ्याला नाही, आणि राज्याबाहेर तर मुळीच नाही. माझं बालपण संकलन केंद्राबाहेरच्या बंड्यांच्या रांगेत गेलं. नंबर लागला की ग्रेडर बंडीच्या कडेला यायचा, कापसात कोपरापर्यंत हात खुपसून तळातली मूठ उपसायचा. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ती हलकेच ओढायचा, सुटलेला धागा अंगठ्यावर निजवून त्याची लांबी बघायचा. मग सरकीचा एक दाणा दाताखाली. कट्ट वाजला तर माल सुका. एवढ्यात आमच्या घराचं वर्ष ठरायचं, आणि त्यानंतर सुरू व्हायची चुकाऱ्याची वाट. चुकारा कधी येईल हे केंद्रातल्या बाबूलाही माहीत नसायचं.

पैनगंगेच्या पलीकडे, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, आदिलाबादचा व्यापारी त्याच दिवशी नोटा मोजून द्यायचा. त्यामुळे रात्री बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून बंड्या आडवाटेने नदीत उतरायच्या. पकडलं की माल जप्त. वडील एकदा चुलीपुढे बसून म्हणाले, “आपल्या वावरातला कापूस, आपल्याच बंडीत, अन् नदीपलीकडं नेला तं आपन चोर?” हे वाक्य मी पुढे प्रत्येक भाषणात वापरलं. टाळ्या हमखास. आणि वाक्य संपलं की माझा निष्कर्ष तयार: हे मुंबईने केलं, म्हणून आपलं राज्य वेगळं पाहिजे.

या निष्कर्षात दोन भोकं होती, आणि दोन्ही मला दिसायला हवी होती. योजना आणली तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. १९६३ च्या डिसेंबरपासून १९७५ च्या फेब्रुवारीपर्यंत, अकरा वर्षांहून जास्त काळ ते मुख्यमंत्रिपदावर होते. व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकऱ्याला सोडवा, ही मागणीही याच कापूसपट्ट्यातली. सभेत कोणी नाईकांचं नाव काढलं तर मी म्हणायचो, “ते पुसदचे.” जणू पुसद साताऱ्यात आहे. दुसरं भोक याहून मोठं. वडिलांना चोर ठरवलं होतं ते एका राज्यसीमेने. आणि मी त्यावर औषध म्हणून मागत होतो आणखी एक राज्यसीमा.

तेव्हा अर्थात असा विचार शिवायचाही नाही. वारसा मोठा होता. लोकनायक बापूजी अणे वणीचे. १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रहात त्यांनी कायदा मोडून गवत कापलं, पुढे बिहारचे राज्यपाल झाले, आणि ऐंशी ओलांडल्यावर, १९६२ साली, विदर्भाच्या प्रश्नावर नागपुरातून अपक्ष उभे राहून लोकसभेत गेले. जांबुवंतराव धोटे यवतमाळचे. विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला, सदस्यत्व गेलं, लोकांनी पुन्हा निवडून दिलं. त्यांची एक सभा मी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकली. शब्द एक आठवत नाही, आवाज आठवतो. त्या आवाजाची नक्कल मी पुढे बरीच केली; छाती तेवढी नव्हती.

दरवर्षी २८ सप्टेंबरला विदर्भवादी नागपूर कराराची होळी करतात. १९५३ साली त्या दिवशी काँग्रेसच्या दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी तो करार केला. तालुक्याच्या ठिकाणी ही होळी पेटवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. झेरॉक्स काढायची, रॉकेल शिंपडायचं, घोषणा द्यायच्या. जाळलेला कागद मी वाचलेला नव्हता. एका वर्षी पाऊस लागला, कागद भिजले, पेटेनात. कार्यकर्ते पांगले आणि मी एका दुकानाच्या पायरीवर बसून वेळ घालवायला ते चाळले. करार एवढासा. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणात प्रमाणशीर वाटा, सरकारने ठरावीक काळ नागपूरला मुक्काम हलवायचा, विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथे भरवायचं. अधिवेशनाचं कलम तर बऱ्यापैकी पाळलं गेलं होतं. पुढे कोविडच्या दोन वर्षांत ते मुंबईतच झालं, तेव्हा आम्ही बोंबललो, आणि ते रास्त होतं. पण मी तोपर्यंत भाषणात सांगत होतो की कराराचं एकही कलम पाळलेलं नाही. ज्या कलमांवर बोट ठेवायला हवं होतं, खर्च आणि नोकऱ्या, त्यांचा माझ्याकडे एक आकडा नव्हता.

एक आकडा होता म्हणा. १९८४ च्या दांडेकर समितीचा. वि. म. दांडेकरांच्या समितीने राज्यातला अनुशेष काढला ३,१८६ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा १,२४६ कोटी. आमच्या पत्रकावर मी ठळक अक्षरांत छापलं, ‘विदर्भाचे १,२४६ कोटी पळवले!’ आता जिनिंगच्या वहीत एखाद्या खात्याला सरासरीइतकं आणायला किती रक्कम लागेल आणि त्या खात्यातून किती रक्कम चोरीला गेली, या दोन गोष्टींची मी गल्लत केली असती तर शेठजींनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. समितीने काढलेला आकडा पहिल्या प्रकारचा होता: रस्ते, सिंचन, शाळा, वीज यांत जो जिल्हा राज्याच्या सरासरीच्या मागे आहे, त्याला सरासरीपर्यंत आणायचा खर्च. तोही जिल्हावार. आणि उरलेल्या महाराष्ट्राचा, म्हणजे कोकण-पश्चिम महाराष्ट्र-खानदेश धरून, अनुशेष होता जवळपास १,१८९ कोटी. मराठवाड्याचा ७५० च्या घरात. पत्रकात मी हे दोन्ही आकडे गाळले. जागा नव्हती असं स्वतःला सांगितलं. जागा होती, तिथे आम्ही एक वाघ छापला होता.

विदर्भाचा वाटा त्या अनुशेषात सगळ्यांत मोठा होता, एकोणचाळीस टक्के. खरा आकडा पुरेसा बोलका होता. मला तो ओरडणारा पाहिजे होता.

आता अण्णांबद्दल. अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. उमरखेड तालुक्यातलं गाव, कालव्याखालची जमीन, ऊस, हळद. माणूस कमी बोलणारा. त्यांचे वडील, माझे सासरे, निजामाच्या वेळचं सांगायचे. तेव्हा पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, इंग्रजी अमलाखालचं; पलीकडे हैदराबाद संस्थान. माहूरच्या रेणुकेला जायचं म्हणजे नदी ओलांडून परक्या राज्यात जाणं. तिकडे हाली रुपया चालायचा, इकडे कलदार. वाटेत करोडगिरीचा नाका, म्हणजे संस्थानची जकात. सासरे सांगायचे, देवीला नेलेल्या लुगड्या-खणावरून नाक्यावरच्या माणसाशी हुज्जत घालावी लागायची. मी ही गोष्ट जेवताना कितीदा तरी ऐकली, हसलो, वर भात मागितला. तिचा माझ्या राजकारणाशी काही संबंध आहे असं मला कधी वाटलं नाही.

२००० च्या नोव्हेंबरात छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड ही तीन राज्यं एकामागोमाग जन्माला आली. विदर्भाचं नाव त्यात नव्हतं. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने, फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर यांनी, आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केलेली; आणि १९९७ साली भाजपने भुवनेश्वरला ठरावही केलेला. तरी आम्ही बाहेर. माझं डोकं त्या हिवाळ्यात सारखं तापलेलं असायचं. तशात उमरखेडला घरच्या लग्नाला गेलो. मांडवात पाहुणे जमलेले, मी सुरू झालो. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, “जवाई, एक सांगा. इसापूरचं गेट कोन उघडन?”

मला प्रश्नच समजला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. इसापूरचं धरण पैनगंगेवर. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प. पाण्याखाली गेलेल्या जमिनीत पुसद तालुक्याची गावं, पाणी जातं हिंगोली-नांदेडला आणि उमरखेडकडच्या शिवाराला. विदर्भ वेगळा झाला तर नदी दोन राज्यांची सीमा होणार, धरण दोन राज्यांचं होणार. गोदावरीच्या पाण्याचा लवाद आधीच राज्यांमध्ये पाणी वाटून बसलेला. महाराष्ट्राच्या वाट्याचे पुन्हा दोन वाटे पाडायचे. “आज पानी सोडायचं तं एका सायबाला फोन करतो. उद्या दोन सरकारं बसतीन. तोवर माह्या हळदीनं काय करावं?”

साधा, सरळ, शेतकऱ्याचा प्रश्न. मला उत्तर येत नव्हतं. ‘येत नाही, बघून सांगतो’ म्हणण्याऐवजी मी मांडवभर लोकांसमोर म्हणालो, “तुम्ही लोक नाईकांचे मिंधे. कालवा मिळाला, गप्प बसले.”

अण्णा उठले आणि वाढप्यांकडे बघायला गेले. बायकोने परतीच्या एसटीत एवढंच विचारलं, “माह्या भावाले विकाऊ म्हनाले का तुमी?” मी म्हणालो, तसं नाही, तो राजकीय मुद्दा होता. तिने खिडकीची काच लावली. पुढे बरीच वर्षं अण्णा आमच्याकडे आले नाहीत. राखीला भाचा यायचा. मी त्याचाही अर्थ आपल्या सोयीने लावला: खरं झोंबलं.

या सवयीबद्दल सांगितलंच पाहिजे. वेगळ्या राज्याला जो नाही म्हणेल तो विकला गेलेला, असं आम्ही धरून चालायचो. पलीकडचेही कमी नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या १०५ हुतात्म्यांची शपथ घालून ते आम्हाला गद्दार म्हणायचे. दोन्ही बाजूंना हे सोयीचं होतं. समोरचा विकलेला ठरला की त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही.

२०१३ च्या डिसेंबरात नागपुरात जनमंच या संघटनेने विदर्भावर जनमत चाचणी घेतली. मतपत्रिका, मतपेट्या, कौल प्रचंड मोठ्या प्रमाणावर विदर्भाच्या बाजूने. ते वाचून आम्हा मित्रांना वाटलं, आपणही करू. त्यांच्याशी आमचा काही संबंध नव्हता; ही आमची गावठी नक्कल. पत्र्याच्या दोन पेट्या, आठवडी बाजारात एक टेबल, चिठ्ठ्या. चिठ्ठीवर ‘वेगळा विदर्भ झाला पाहिजे’ असं छापलेलं आणि खाली हो, नाही. टेबलामागे आमचा फलक, त्यावर पुन्हा तोच वाघ. माईकवर मी. ज्याला नाही म्हणायचं आहे, त्याने अशा टेबलाजवळ येऊन माझ्यासमोर नाहीवर फुली मारावी, अशी माझी अपेक्षा. बहुतेक लोक टोपली डोक्यावर सावरून बाजूने निघून जात होते. त्यांना मी ‘व्यस्त नागरिक’ धरलं.

एक बाई थांबल्या. निंदणाच्या मजुरीवर जाणाऱ्या असाव्यात. चिठ्ठी उलटसुलट बघून म्हणाल्या, “बापू, राज्य झालं तं मजुरी वाढन का?” माईक हातात असल्यामुळे मी त्यांना विदर्भातली वीज सांगितली: कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, वीज इथली आणि उजेड मुंबईत. त्या म्हणाल्या, “हो, पन मजुरी?” मग कंटाळून गेल्या. पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे, कोलाम आदिवासी बाजाराला आलेले होते. त्यांची सोयरीक नदीपलीकडे आदिलाबादच्या पोडांत. त्यांना चिठ्ठी द्यावी असं आमच्या टेबलावरच्या एकालाही सुचलं नाही. सीमा म्हणजे काय हे त्या बाजारात सगळ्यांत जास्त त्यांना माहीत होतं.

रात्री मोजणी माझ्या घरी. पेटी उपडी केली, तर एक गठ्ठा निघाला. चिठ्ठ्या एकात एक घडी घातलेल्या, सगळ्यांवर एकाच निळ्या बॉलपेनची, एकाच बाजूला झुकलेली फुली. मुनिमाचा डोळा, पावत्यांवरचं एकाच हाताचं अक्षर मला लांबून कळतं. मी मान वर केली. ज्याचं काम होतं तो पोरगा छताकडे बघत होता. मी गठ्ठा सुटा केला, चिठ्ठ्या बाकीच्यांत मिसळल्या आणि मोजल्या. निकाल नव्वद टक्क्यांच्या वर गेला. गठ्ठा काढला असता तरी तो तेवढाच भरला असता, हे मला मोजतानाच कळत होतं. तरी मोजल्या. दुसऱ्या आठवड्यात एका साप्ताहिकात माझा लेख आला, ‘तालुक्याचा कौल’. तालुक्याने कौल दिलाच नव्हता. बाजाराच्या एका कोपऱ्याने, तोही आमच्या तोंडाकडे बघून, दिला होता.

२ जून २०१४ ला तेलंगण झालं. आम्ही सीमेवरचे, त्यामुळे बदल डोळ्यांनी दिसला. काही वर्षांत तिकडे शेतीला चोवीस तास फुकट वीज, रयतू बंधूचे एकरी पैसे थेट खात्यात. धर्माबादकडच्या गावांनी तर आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली. मी म्हणायला लागलो, बघा, वेगळं झालं की असं होतं. एका तरुण प्राध्यापकाने मला सभेनंतर गाठून विचारलं, “काका, तेलंगण हैदराबाद घेऊन वेगळं झालं. आपण मुंबई सोडून वेगळे होणार. दोन्हीचा हिशेब एकच कसा?” मी त्याला विचारलं, तू कुठला? तो म्हणाला परभणीचा. मी म्हणालो, मग बरोबर आहे. म्हणजे पुन्हा तेच: माणूस कुठला ते बघायचं, प्रश्न सोडून द्यायचा.

२०१६ चा मार्च आठवतो. राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे, बापूजींचे नातू, वेगळ्या राज्यांबद्दल बोलले, विधिमंडळात गदारोळ झाला, त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी २३ जूनला ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं. ५१.९ विरुद्ध ४८.१. मी तर नाचायचाच बाकी होतो. लेख लिहिला: एक दिवस, एक प्रश्न, एक मत, विषय संपला; हे धाडस दिल्लीने दाखवावं. आमची यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे इंग्रजांच्या वेळच्या खाजगी कंपनीच्या मालकीची राहून राहून मोडकळीला आली होती, आणि मी त्याच इंग्रजांकडून शहाणपण उसनं घेत होतो, हे जाऊ द्या.

विषय संपला नव्हता. बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडली. मधल्या काळात दोन पंतप्रधान गेले. मी बातम्या वाचत राहिलो, आधी उत्साहाने, मग चिकाटीने. सगळं घोडं पुनःपुन्हा एकाच ठिकाणी अडत होतं: आयर्लंडच्या दोन भागांमधली सीमा. शेतकऱ्याचं दूध एका बाजूला काढायचं आणि दुसऱ्या बाजूला प्रक्रियेला जायचं. नाका कुठे बसवायचा? मतपत्रिकेवर नाक्याबद्दल एक अक्षर नव्हतं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने संघातच राहायला मत दिलं होतं, तेही एकूण बेरजेत बुडालं. एका दुपारी जिनिंगच्या ऑफिसात हे वाचत असताना मला माझे सासरे, त्यांचा करोडगिरीचा नाका आणि अण्णांचं इसापूर एकदम आठवलं. पेपर बाजूला ठेवला. त्या वेळी फोन करायला हवा होता. केला नाही. अण्णांना काय म्हणायचं ते सुचेना, हे एक कारण. माझा माज, हे दुसरं.

फोन केला तो फार पुढे. ३० नोव्हेंबर २०२३. तेलंगणात विधानसभेचं मतदान, आणि त्याच पहाटे आंध्रचे पोलीस नागार्जुनसागर धरणावर चढले. अर्ध्या धरणाचा ताबा घेतला, उजव्या कालव्याला पाणी सोडलं. दोन्ही राज्यांचे पोलीस धरणाच्या भिंतीवर समोरासमोर. शेवटी केंद्राने राखीव दल पाठवलं. राज्य वेगळं होऊन साडेनऊ वर्षं झाली होती आणि गेट कोणी उघडायचं हे ठरलेलं नव्हतं. मी अण्णांना फोन लावला. म्हणालो, नागार्जुनसागरचं बघितलं का? ते म्हणाले, बघितलं. मी म्हणालो, तुम्ही मांडवात विचारलं होतं ते बरोबर होतं, आणि मी जे बोललो ते नालायकपणाचं होतं. पलीकडे जरा वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, “जवाई, तुमी बोलले ते मी विसरलो नाई. पन या घरी.”

गेलो. तेव्हापासून आम्ही दोघं एक कागद तयार करतोय. विदर्भ झाला तर पैनगंगेचं काय, यावर. इसापूर कोणाच्या ताब्यात, पाण्याची पाळी कोण ठरवणार, निम्न पैनगंगेचं काय करायचं. त्या धरणाला आमच्या आर्णी-घाटंजीकडची आणि पलीकडच्या माहूर-किनवटची बुडणारी गावं गेली कित्येक वर्षं विरोध करत आहेत. त्यांना ते धरण एका राज्याचंही नको, दोन राज्यांचंही नको. नांदेडला शिकणाऱ्या उमरखेडच्या पोरांचा प्रवेश कोणत्या कोट्यात. असे प्रश्न सुचतात तसे लिहितो. विदर्भवादी मित्रांना मी मसुदा दाखवला. एक म्हणाला, एवढं कशाला, आधी राज्य येऊ द्या, मग बघू. हेच उत्तर मी स्वतः इतक्या लोकांच्या तोंडावर फेकलं आहे की त्याच्यावर चिडायचीही सोय राहिली नाही.

मित्रांचा मुंबईवरचा राग मला समजतो. वैधानिक विकास मंडळांची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली. प्रादेशिक असमतोलावरचा केळकर समितीचा अहवाल २०१३ पासून पडून. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे मंजूर होऊन दीड दशक उलटल्यावर, २०२४ च्या फेब्रुवारीत, वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी आली. आत्महत्यांबद्दल तर आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपेंनी १९८६ च्या १९ मार्चला कुटुंबासह जीवन संपवलं, त्याची आठवण म्हणून अजून लोक दर १९ मार्चला उपवास धरतात. मुंबई लांब आहे, हे खरंच आहे. पण पांढरकवड्याला बसून नागपूरकडे बघताना आता मला हेही वाटतं, की राजधानी नागपूर झाली तर तिथल्या रिंगरोडला जेवढे पैसे लागतील त्यापुढे झरी जामणीच्या रस्त्याला कोण विचारणार? हे वाक्य मी पूर्वी कुणाकडून ऐकलं असतं तर आधी त्याचं गाव विचारलं असतं.

कागद अजून अडलेला आहे, आणि अडला आहे आमच्याच दोघांत. अण्णांचं म्हणणं, मत घ्यायचं तर तालुकावार घ्या. उमरखेडला नांदेडबरोबर राहायचं असेल तर राहू द्या. माझं म्हणणं, असं तालुके सोडत गेलो तर विदर्भ जन्मायच्या आधीच कुरतडला जाईल; मग पुसद म्हणेल आम्हीही, बुलढाण्याचे काही तालुके म्हणतील आम्हीही. अण्णा म्हणतात, “मंग तुमाले आमचं मत पायजे का आमची जमीन?” मी म्हणतो, असं असेल तर महाराष्ट्रानेही विदर्भाचं एकट्याचं मत का मान्य करावं? या मुद्द्यावर आम्ही मागच्या दिवाळीत रात्री एकपर्यंत भांडलो. बायको दोनदा येऊन दिवा बंद करून गेली. दोन्ही वेळा अण्णांनीच उठून पुन्हा लावला.